पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हरणासाठी हलकी रायफल: वजन नेमकं कुठून कमी करायचं?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही पिट्सबर्गजवळ राहता, एच-वन-बीवर आहात. यंदा तुम्ही आणि तुमच्या पत्नी दोघंही पहिल्यांदाच उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात हरणाच्या शिकारीला जाणार आहात. डोंगर चढायचे असल्यामुळे रायफल हलकी हवी, आणि ती दोघांना वापरता यायला हवी. पत्नीची उंची पाच फूट एक इंच. बजेट पंधराशे डॉलर. दुकानदाराने .३०० विंचेस्टर मॅग्नम या जबर काडतुसाची, जेमतेम साडेपाच पौंडांची रायफल दाखवली आणि तिच्यावर ६-२४ बाय ५० ची स्कोप, म्हणजे सहा ते चोवीस पट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटरची नेमाची दुर्बीण, बसवून देतो म्हणाला.

ती जोडी घेऊ नका. सव्वासहा-साडेसहा पौंडांची साधी बोल्ट रायफल (प्रत्येक बारानंतर हाताने खटका मागेपुढे करायची) घ्या, काडतूस ७ एमएम-०८ रेमिंग्टन, वर २-७ बाय ३३ ची छोटी स्कोप. पट्टा आणि काडतुसं धरून सगळं मिळून साडेसात पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण ३.४ किलो. उरलेले पैसे काडतुसांत आणि सरावात घाला. असं का, ते आता सांगतो.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. एच-वन-बी किंवा एच-फोर (जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं संघराज्याच्या कायद्याने मना आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला तुमच्या कामाचा एकच: राज्याने दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, आणि मगच दुकान. तिथे फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा संघराज्याचा फॉर्म, भरताना हा परवाना दाखवावा लागतो. परवाना दोघांचा स्वतंत्र हवा, कारण रायफल एकाच घरात राहणार आहे. पेनसिल्व्हेनियाचं परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं चालतं. तो संपला आणि नवा काढला नाही, तर कपाटातली रायफल त्याच दिवसापासून गुन्हा ठरू शकते. शिकारीचा मोसम डिसेंबरात संपतो म्हणून जूनकडे दुर्लक्ष करू नका. ग्रीन कार्डाची फाइल चालू असेल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक फोन जरूर करा.

आता वजन. मी मूळचा सिंधुदुर्गातला. आमच्या घरी शेतसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती, आजोबांच्या काळची ठासणीची. पण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारच बंद झाली, त्यामुळे शिकारीची रायफल कशी निवडायची हे मला घरात कुणी सांगितलं नाही. इथल्या मुलांना ते आजोबांबरोबर झाडाखाली बसून कळतं. आपल्याला ते दुकानदाराकडून कळतं आणि दुकानदार काट्यावरचा आकडा सांगतो. तो आकडा नुसत्या रायफलचा असतो. त्यात स्कोप नसते, ती रायफलला धरून ठेवणाऱ्या कड्या नसतात, पट्टा नसतो, काडतुसं नसतात.

मीही त्याच आकड्याला भुललो होतो. माझी पहिली रायफल साडेपाच पौंडांची, .३०-०६ स्प्रिंगफील्डमधली. काडतुसं १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) घेतली, कारण जड गोळी म्हणजे खात्रीची गोळी असं मला वाटे. रेंजवर पाचव्या बाराला स्कोपची कड भुवईवर आदळली आणि रक्त आलं. त्यानंतर प्रत्येक वेळी चाप ओढायच्या आधी माझे डोळे मिटायचे, खांदा पुढे जायचा, आणि मला ते कळतही नव्हतं. मोसमात ऐंशी यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली, आयुष्यात पुन्हा मिळणार नाही इतकी सोपी. गोळी पोटात लागली. हेमलॉकच्या झाडांच्या गर्दीत बर्फावरून मी तिचा माग चार तास काढला आणि अंधार झाला. सकाळी ती सापडली तेव्हा रात्रीत कायोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्या-लांडग्यांसारख्या जनावरांनी, तिचा बराचसा भाग खाल्ला होता. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. तिला मी हलक्या रायफलच्या हौसेपायी हाल करून मारलं.

यामागचं गणित सरळ आहे. काडतूस तेच ठेवलं तर धक्क्याची ऊर्जा रायफलच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आठ पौंडांची रायफल सहा पौंडांवर आणली की धक्का एक तृतीयांशाने वाढतो. आठ पौंडांच्या रायफलमध्ये .२४३ विंचेस्टरचा धक्का साधारण आठ-नऊ फूट-पौंड बसतो, ७ एमएम-०८ चा बारा-तेरा, .३०८ चा पंधरा, १८० ग्रेनच्या .३०-०६ चा वीस आणि .३०० मॅग्नमचा पंचविसाच्या वर. आता दुकानदाराने दाखवलेल्या हलक्या रायफलवर हा शेवटचा आकडा चढवा. छत्तीसच्या पुढे जातो. बहुतेक अनुभवी शिकाऱ्यांना पंधरा-वीसच्या पुढे नेम सांभाळणं जड जातं. नव्या माणसाची मर्यादा त्याहूनही खाली असते, आणि त्यात शरीरयष्टीपेक्षा सवयीचा भाग मोठा असतो. म्हणून 'पत्नीसाठी लहान, माझ्यासाठी मोठं' असा विचार करू नका. दचकायची सवय पुरुषालाही तितक्याच लवकर लागते.

आणि हा सगळा जोर वापरायचा कशावर? इथलं व्हाइटटेल हरीण बहुधा शंभर ते दोनशे पौंडांच्या आतलं असतं. पॉटर किंवा टायोगा काउंटीतल्या जंगलात माउंटन लॉरेलच्या झुडपांतून शंभर यार्डांपलीकडे क्वचितच मोकळं दिसतं. .३०० मॅग्नम पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरात, लांबच्या एल्कसाठी, म्हणजे फार मोठ्या हरणासाठी, शोभतं. आपल्या जंगलात त्या जोराचं काही काम नाही.

७ एमएम-०८ बद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण हे नाव दुकानात कमी ऐकू येतं. १९५२ मध्ये .३०८ विंचेस्टर बाजारात आलं. त्याच्याच पितळी केसची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) मान आवळून १९५५ मध्ये .२४३ तयार झालं, आणि १९८० मध्ये रेमिंग्टनने त्याच केसवर ७ एमएम-०८ काढलं. तिघं सख्खी भावंडं, फरक फक्त गोळीच्या जाडीचा. .२४३ ची गोळी ६.२ मिलिमीटरच्या आसपास, ०८ ची ७.२, आणि .३०८ ची ७.८. मधलं भावंड मला सगळ्यांत समंजस वाटतं. १४० ग्रेनची, म्हणजे नऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २८०० फुटांनी निघते. दोनशे यार्डांना नेम लावला तर शंभर यार्डांवर ती दीड-दोन इंच वर लागते आणि तीनशेवर सात-आठ इंच खाली. हरणाचा काळीज-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा असतो. म्हणजे सव्वादोनशे यार्डांपर्यंत काहीही हिशोब न करता मधोमध नेम धरायचा.

.२४३ का नको? धक्का सर्वांत कमी, हे खरं, आणि पत्नी एकट्याच वापरणार असत्या तर मी तेच सुचवलं असतं. पण लहान गोळीला कोन फार जपावा लागतो. हरीण तिरकं उभं असेल, खांद्याचं हाड आड येत असेल, तर नवा माणूस थांबत नाही. ०८ त्या चुकीला थोडी जागा देते. ६.५ क्रीडमोर या काडतुसाची रायफल आधीच कुणी दिली असेल तर खुशाल वापरा, हरणाला फरक कळणार नाही. धक्काही जवळपास तेवढाच, आणि काडतुसं जास्त दुकानांत मिळतात. .३०८ ची काडतुसं तर सर्वत्र आणि स्वस्त. ०८ ची अडचण खरी आहे: गावाकडच्या दुकानात फळीवर दोनच खोकी असतात, आणि २०२०-२१ च्या टंचाईत तीही नव्हती. म्हणून रायफलला जे काडतूस मानवेल त्याची पाच-सहा खोकी एकाच लॉटची, उन्हाळ्यातच घेऊन ठेवा.

गोळी कोणती? शिशाच्या साध्या गोळीने हरीण पडतं, पण ती आत फुटून तिचे बारीक कण मांसात लांबवर जातात. २००८ मध्ये नॉर्थ डाकोटात दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं आढळल्यावर तिथल्या आरोग्य खात्याने तो साठा वापरू नका असं सांगितलं होतं. तुम्ही लिहिलंय की घरी चार वर्षांची मुलगी आहे आणि खिमा तीही खाणार. मग माझ्या मते प्रश्न उरत नाही: पूर्ण तांब्याची गोळी घ्या. ती फुटत नाही, पाकळ्या उघडते आणि बहुतेकदा आरपार जाते, त्यामुळे मागही चांगला सापडतो. तांब्याच्या गोळीला वेग लागतो, म्हणून १४० ऐवजी १२० ग्रेनची घ्यायची. धक्का आणखी थोडा कमी, हा वरचा फायदा.

आता मूळ मुद्दा, वजन कुठून काढायचं. हलकी रायफल बनवायची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे नळी बारीक करणं. पण वेस्ट व्हर्जिनियात रायफली बनवणारे मेल्विन फोर्ब्ज यांनी १९८० च्या दशकात केव्हलार आणि ग्रॅफाइटचे दस्ते वापरून पाच पौंडांच्या आतबाहेरच्या रायफली बनवल्या. त्यांनी नळी फार बारीक न करता दस्त्यातून वजन काढलं, म्हणूनच त्या नेमाला चांगल्या निघाल्या. हे शहाणपण लक्षात ठेवा. नळीकडे असलेलं वजन तुमच्या कामाचं असतं. धाप लागलेली असताना, थंडीने बोटं आखडलेली असताना रायफलचं टोक हलू नये, म्हणून पुढे थोडं वजन हवंच. अति हलकी रायफल छातीच्या ठोक्यासरशी हलते. दुकानात ती उचलून खांद्याला लावली की फार छान वाटते. पण दुकानात तुम्ही डोंगर चढून आलेले नसता.

याउलट वर बसलेलं वजन निव्वळ ओझं. मोठी स्कोप रायफलला डोकेजड करते, हातात ती कलंडायला बघते, झुडपांत अडकते. ६-२४ बाय ५० ची स्कोप आणि तिच्या उंच कड्या दीड पौंडाहून जड भरतात. ल्युपोल्डची २-७ बाय ३३ अकरा औंसांची आहे. इथेच जवळजवळ पाऊण-एक पौंड वाचतो, आणि नेमाचं काहीही बिघडत नाही. उलट सुधारतं. सहापटीच्या स्कोपमधून शंभर यार्डांवर सुमारे सतरा फुटांचा पट्टा दिसतो, तीस यार्डांवर तोच जेमतेम पाच फूट. लॉरेलमधून हरीण तीस यार्डांवर उठलं तर तुम्हाला काचेत नुसती तपकिरी लव दिसेल, खांदा कुठला आणि मांडी कुठली ते कळणार नाही. दोनपटीवर अख्खं हरीण, त्याच्या मागचं झाड आणि त्या झाडामागे कुणी माणूस तर नाही ना, हेही दिसतं.

अंधाराचं गणितही समजून घ्या. पुढच्या काचेचा व्यास पटीने भागला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ५० भागिले २४ म्हणजे दोन मिलिमीटर, संध्याकाळी काळोखच. ३३ भागिले ४ म्हणजे आठ, तुमच्या बाहुलीला घेता येईल त्याहूनही जास्त. म्हणून 'मोठी काच म्हणजे जास्त उजेड' हे वाक्य पट सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. जंगलात चालताना पट नेहमी दोनवर किंवा तीनवर ठेवा. वाढवायला वेळ मिळतो, कमी करायला मिळत नाही.

क्रॉसहेअर साधी घ्या, कडेला जाड आणि मधे बारीक, ज्याला ड्युप्लेक्स म्हणतात. ल्युपोल्डने ती १९६२ मध्ये आणली आणि जंगलासाठी तिच्याहून चांगलं मला अजून काही दिसलेलं नाही. डोळ्यापासून स्कोपचं अंतर साडेतीन-चार इंच मिळायला हवं. माझ्या भुवईची खूण त्याच चुकीची आहे. स्कोप बसवताना हिवाळ्याचं जाकीट आणि केशरी बंडी घालून बसा. जाकिटाने दस्ता इंचभर पुढे सरकतो आणि टी-शर्टवर घेतलेलं अंतर नोव्हेंबरात चुकतं. कड्यांचे स्क्रू टॉर्क पान्यानेच आवळा, अंदाजाने नाही.

रायफलचं नाव हवं असेल तर फिनलंडच्या रिहिमाकीत बनणारी टिक्का टी३एक्स लाइट. नुसतं वजन साधारण ६.४ पौंड, बोल्ट लोण्यासारखा, चाप स्वच्छ सुटणारा, आणि नळी बारीक असूनही पहिले तीन बार एकमेकांच्या जवळ पडतात. स्कोप, कड्या धरून तुमच्या बजेटात बसते. त्याहून स्वस्तात रुगर अमेरिकन चांगली आहे. दिसायला साधी, नेमाला नाही. किंबरची ८४एम सव्वापाच पौंडांच्या आसपास आहे आणि सुंदर आहे, पण ती पाच-सात मोसम काढलेल्या माणसाची रायफल आहे. सेमी-ऑटोमॅटिकचा विचार करूच नका. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी ती रायफल चालत नाही.

एकच रायफल दोघांत वापरण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. नेहमीच्या दस्त्याची लांबी साडेतेरा ते चौदा इंच असते. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला, जाकिटावर, ती लांब पडते. मग मान पुढे ताणावी लागते, गाल दस्त्यावर टेकत नाही आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर बसतो. स्त्रियांना धक्का सोसत नाही असं जे म्हणतात, त्यातलं निम्मं हे लांब दस्त्याचं पाप आहे. रुगर अमेरिकनच्या कॉम्पॅक्टचा दस्ता साडेबारा इंचांचा आणि नळी अठरा इंचांची आहे. ती पत्नीसाठी घेतली आणि तुम्ही यंदा तीच वापरली, तर तुम्हाला थोडी आखूड वाटेल, पण आखूड दस्ता जाड जाकिटात उंच माणसालाही चालून जातो. लांब दस्ता बुटक्या माणसाला चालत नाही. नळी चार इंचांनी आखूड झाल्यावर सेकंदाला शंभरेक फुटांचा वेग जातो, आवाज मात्र चांगलाच वाढतो. त्या वेगाची आपल्या जंगलात उणीव भासणार नाही.

मझल ब्रेक (नळीच्या टोकाला बसवायचा, भोकं असलेला तुकडा) लावून धक्का कमी करायचा सल्ला मिळेल. धक्का खरंच निम्म्यावर येऊ शकतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. शिकारीत कानात काही नसताना एक बार पुरेसा आहे कायमची शिट्टी लागायला. शेजारी पत्नी बसलेली असेल तर तिच्या कानांचं आधी बघा.

सरावाचं असं करा. नेम बाकावर टेकून लावायचा, शंभर यार्डांवर दीड इंच वर. तीन बार, मग नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. बारीक नळी तापली की गोळ्या सरकतात आणि माणूस उगाच स्कोप फिरवत बसतो. त्याहून महत्त्वाचा आहे थंड नळीचा पहिला बार, कारण हरणावर तोच जातो. ऑक्टोबरात चार वेगवेगळ्या सकाळी रेंजवर जा, प्रत्येक वेळी एकाच कागदावर एकच बार काढा आणि परत या. ते चार छेद म्हणजे तुमची खरी अचूकता.

बाकीचा सराव .२२ च्या छोट्या, जवळजवळ धक्का नसलेल्या रायफलवर करा, बाक सोडून. मांडी घालून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूवर, झाडाला हात टेकवून. आपल्या लोकांना मांडी घालून तासभर बसता येतं, त्याचा इथे फार उपयोग होतो. आणि दचकण्याची परीक्षा एकमेकांची घ्या: एकाने पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने रायफल भरून द्यायची, कधी खरं काडतूस, कधी नकली. नकलीवर चाप ओढल्यावर नळीचं टोक खाली गेलं तर त्या दिवशी मोठी रायफल बंद, पुन्हा .२२. माझं दचकणं एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने असंच पकडलं होतं, पण ती मादी गेल्यानंतर.

मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून अडीचशे चौरस इंच केशरी कापड सक्तीचं आहे. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गच्या आसपासच्या जिल्ह्यांचे हत्यारांचे नियम वेगळे आहेत. तुम्ही उत्तरेला जाणार म्हणून अडचण नाही, पण घराजवळच्या एखाद्या मित्राने शेतावर बोलावलं तर आधी नियमपुस्तक उघडा.

दुकानात जाताना पत्नीला बरोबर न्या आणि जाकीटही न्या, उन्हाळा असला तरी. कोपर काटकोनात वाकवून, कोपराच्या आतल्या घडीपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर दोघांचंही मोजा आणि मला कळवा. कॉम्पॅक्ट घ्यायची की लाइट, ते त्या दोन आकड्यांवर नक्की सांगतो.